सरपंचबाईंना मी खाली बसवलं

संपादकांचा फोन आला, "तुमच्या कामाचे अनुभव लिहा, पण जरा खुसखुशीत." खुसखुशीत हा शब्द माझ्या बाबतीत आजवर कोणी वापरला नव्हता, त्यामुळे मी लगेच हो म्हणून बसलो. तीन पानं लिहून झाल्यावर बायकोला वाचायला दिली. तिनं ती उभ्या-उभ्याच वाचली आणि म्हणाली, "अहो, तीन पानं झाले, अजून एक मानूस नाई आला याच्यात." ती तीन पानं म्हणजे माझी भूमिका होती. आमच्या क्षेत्रात भूमिका मांडल्याशिवाय कोणी पाणीसुद्धा मागत नाही. तर ती पानं काढून टाकली आहेत. ज्यांना ती वाचायची असतील त्यांनी खामगावला घरी यावं. गर्दी होईल असं वाटत नाही.

अठ्ठावीस वर्षं मी एका पुरोगामी संस्थेत प्रशिक्षक होतो. मुख्य कार्यालय पुण्याला, काम आमच्या बुलडाणा जिल्ह्यात. ग्रामपंचायतीवर नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांना, त्यातही बायकांना, सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, ग्रामसेवकाकडून दप्तर कसं मागून घ्यायचं, हे आम्ही शिकवत असू. काम चांगलंच होतं, अजूनही तसंच म्हणेन. पण माझ्या सासऱ्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. जावई काय करतात असं कोणी विचारलं, की ते सांगत, "लोकायले गोल बसवतेत."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा म्हणजे गोल. स्टेज नाही, माईक नाही, खुर्ची नाही. सतरंजी अंथरायची आणि सगळ्यांनी गोल करून बसायचं, म्हणजे पुढचा कोण, मागचा कोण हा प्रश्नच उरत नाही. मग एक गाणं, मग ओळखीचा खेळ, मग चिठ्ठ्यांवर अपेक्षा लिहायच्या आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदाला चिकटवायच्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्या चिठ्ठ्या पंख्यानं उडून जात. उरलेल्या अपेक्षा आम्ही पूर्ण करत असू.

हार, शाल, नारळ यांनाही बंदी होती. सत्कारानं माणूस माणसापेक्षा मोठा होतो, असं आमचं म्हणणं. मोताळा तालुक्यातल्या एका गावात एक आजोबा नारळ घेऊन आले, तेव्हा मी त्यांना दहा मिनिटं हे समजावलं. ते नारळ पोटाशी धरून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हार नाई, नारळ नाई, मंग हे कार्यक्रम आहे का कोनाची तेरवी?"

त्याच गावात दुपारी एका घरी आमचं जेवण होतं. घरच्या बाईंनी पुऱ्या आणि बासुंदी केली होती. ताट पुढं येताच मी हात जोडले. "एवढं कशाला? आम्हाला साधं चालतं. भाकरी-ठेचा द्या." मग विझवलेली चूल पुन्हा पेटली, पीठ मळलं गेलं, मिरच्या भाजल्या गेल्या, आणि माझी भाकरी होईपर्यंत बाकीच्यांच्या पुऱ्या पार वातड झाल्या. कारण पाहुण्याच्या आधी कोण जेवणार? यजमान माझ्या शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, "सर, भाकर तं आमी रोजच खातो. तुमच्या निमित्तानं घरात बासुंदी झाली होती." त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, 'साधेपणाविषयी लोकांमध्ये अजून पुरेशी जागृती नाही.' डायरी जपून ठेवली आहे. बायकोला सापडू नये एवढीच काळजी घेतो.

अलीकडे माझा एक पुतण्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वरचेवर लिहितो की तुम्ही पुरोगामी मंडळी उच्चभ्रू आहात, लोकांना खालचं समजता. आधी मला याचा फार राग यायचा. जन्मभर एसटीनं फिरलो. एक चप्पल तीनदा शिवून घालतो. खादीचे दोन झब्बे, त्यातल्या एकाची कॉलर उलटून घेतलेली. असा माणूस उच्चभ्रू? मी त्याला लांबलचक उत्तरं लिहीत असे. तो अंगठा पाठवायचा. त्याला जे नेमकं सांगता येत नाही ते मला ठाऊक आहे, कारण ते मला एका बाईंनी फार पूर्वीच तोंडावर सांगितलं होतं. तेवढं सांगण्यासाठी हा लेख.

वरवट बकालहून थोडं पुढं गेलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला आधीच पुरेसं ओळखतात. तिथलं सरपंचपद राखीव झालं आणि वनमालाताई निवडून आल्या. बौद्ध वस्तीतल्या, चाळिशीच्या, दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणाऱ्या. उपसरपंच होते भास्करराव. मोठे शेतकरी, गोड बोलणारे, आणि वीस वर्षं पंचायत घरच्या ओट्यावरून चालवलेले.

उन्हाळ्यात, पेरणीला अवकाश असताना, मी तिथं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. पंचायतीच्या सभागृहात पाऊल टाकलं आणि माझी नजर थेट टेबलामागच्या खुर्चीवर गेली. चाकांची, फिरती, काळ्या रेक्झिनची, पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल. वनमालाताई तिच्यावर बसल्या होत्या. पाठ ताठ, दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर. मला पाहून हसल्या, पण उठल्या नाहीत.

माझ्या डोक्यात लगेच विचार आला, बघा, निवडून येऊन चार दिवस झाले नाहीत तर सत्ता डोक्यात गेली. हा विचार मी बोलून दाखवला नाही. मी तो त्याहून वाईट पद्धतीनं मांडला. सगळे जमल्यावर म्हणालो, "इथं कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. खुर्ची माणसाला बिघडवते. ताई, सुरुवात तुमच्यापासून करू या. या, आमच्यात खाली बसा."

ताई क्षणभर तशाच बसून राहिल्या. मग उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि सतरंजीवर बसल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ते भास्करराव होते. त्या खाली येत असतानाच मी फोटो काढला होता. खुर्ची गोलाच्या आड येत होती म्हणून ती बाहेर ठेवायला सांगितली, तर भास्करराव स्वतः पुढं झाले. "बाहेर धूळ लागन सर. माह्या घरी ठेवतो न." एवढा कार्यतत्पर उपसरपंच मी पाहिला नव्हता, आणि त्याचाही उल्लेख मी अहवालात केला.

तो अहवाल पुण्यात गाजला. फोटो संस्थेच्या दिनदर्शिकेवर छापायचं ठरलं. त्यात ताई खुर्चीवरून उठलेल्या, एक पाय सतरंजीवर, नजर खाली. त्याखाली ओळ माझी: 'सत्ता जमिनीवर आली.' ज्या बैठकीत हे कौतुक झालं तिथंही आम्ही गोलच बसलो होतो. खुर्च्यांवर, कारण संचालकबाईंना पाठीचं दुखणं होतं. मला यात काही वावगं दिसलं नाही हे आज नमूद करतो.

पावसाळा सरता सरता मी दिनदर्शिकेची प्रत घेऊन पुन्हा त्या गावी गेलो. त्याच दिवशी ग्रामसभा होती. एसटीत सारखं वाटत होतं, आपला फोटो पाहून बाईंना काय आनंद होईल. त्या सभागृहाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी प्रत हातात दिली. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग पदरानं त्यावर उमटलेला बोटाचा ठसा पुसला आणि विचारलं, "हा काऊन काढला, सर?"

"म्हणजे? तुम्ही त्या दिवशी एवढं मोठं पाऊल..."

"मी बसून होती तवा काढाचा होता न. खुर्चीवरचा माहा एकबी फोटो नाई."

मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांचं संपलं नव्हतं. त्या शांतपणे सांगत होत्या, जसं एखाद्याला गावातला रस्ता सांगावा तसं. निवडून आल्या तेव्हा ती खुर्ची दुरुस्तीला गेली आहे असं त्यांना सांगण्यात आलं. मग कितीतरी महिने त्या दाराजवळच्या बाकड्यावर बसून सह्या करायच्या. खुर्ची कुठंही गेली नव्हती, भास्कररावांच्या ओसरीत होती. ताईंनी तोंडी सांगून पाहिलं, मग मजुरी बुडवून तीनदा पंचायत समितीत गेल्या, लेखी अर्ज दिला, साहेबांकडून फोन करवला. तेव्हा कुठं खुर्ची आली. शेगावच्या बाजारातून टॉवेल त्यांनी स्वतः आणला.

"किती दिवस बसलात मग?" मी विचारलं.

"एकवीस. बाविसाव्या दिवशी तुमी आले."

बाईंनी दिवस मोजले होते. मी म्हणालो, "पण मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलंच नाई. तीन दिवस तुमीच बोलून राह्यले होते."

खुर्ची परत आलीच नाही. कोणी विचारलं की भास्करराव सांगत, संस्थेच्या सरांनी काढली, आता आपलं गाव समतेचं आहे. मासिक सभा सतरंजीवर होत होती. भास्करराव मात्र प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्यांना गुडघ्याचा त्रास होता. सभेला वर एकच माणूस असला की ग्रामसेवक त्याच्याकडेच पाहून बोलतो, लोकही त्याच्याकडेच पाहतात. बौद्ध वस्तीपर्यंत पाण्याची पाइपलाइन नेण्याचा विषय ताईंनी प्रत्येक सभेत लिहून आणला होता. तो दर वेळी यादीत शेवटी जायचा, आणि यादी शेवटपर्यंत कधी पोहोचायचीच नाही. आज ग्रामसभेतही तसंच होणार होतं.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. म्हणालो, ताई, सत्ता खुर्चीत नसते, ती आपल्या आत असते. हे वाक्य मी शेकडो प्रशिक्षणांत वापरलं होतं आणि लोकांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. वनमालाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमच्या बापाच्या घरी खुर्ची होती?"

होती. मोताळ्याला आमच्या ओसरीत सागवानी खुर्ची होती. वडील बसायचे, ते नसले की मी बसायचो. शेतावरची माणसं यायची ती अंगणात, उकिडवी. मी मान हलवली.

"मंग तुमी खाली बसले तं लोक म्हनतेत, पाहा, केवढा साधा मानूस. मी खाली बसली तं कोन काय म्हनन? मी तं तिथंच होती."

मला लाज वाटली. पुस्तकी नाही, साधी, कानाच्या पाळ्या गरम करणारी. पुऱ्या, नारळ, सगळं एकदम आठवलं. जे माझ्याकडे भरपूर होतं ते सोडून मी मोठा झालो होतो, आणि ज्यांच्या हाती ते नुकतंच लागलं होतं त्यांनाही सोडायला लावत होतो, वर टाळ्या वाजवून. मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. मी आज सभेत जाहीर माफी मागतो. समतेची आपली कल्पनाच मुळात..."

"माफी नका मागू," त्या उठत म्हणाल्या. "माफी मांगाले लागले का तुमी लय बोलता. खुर्ची तुमी नेली, तुमीच आना. सभेले अर्धा घंटा आहे."

मी निघालो. भास्कररावांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. ते ओसरीत त्याच खुर्चीवर बसून मोबाईल पाहत होते. मला पाहून लगबगीनं उठले, चहा सांगितला. मी खुर्चीचा विषय काढला.

"पन सर, तुमीच तं सांगतलं होतं, खुर्ची मानसाले बिघडवते."

"हो, सांगितलं होतं."

"मंग आता?"

"आता ती परत न्यायची आहे."

भास्करराव विचारात पडले. "म्हंजे समता कॅन्सल?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. मी म्हणालो, "समता तिकडंच होईल. खुर्ची द्या." त्यांनी अडवलं नाही. माझ्या नावावर ठेवलेली वस्तू मीच मागतोय म्हटल्यावर अडवायचं कसं? फक्त एवढंच म्हणाले, "चहा तं घ्या," आणि मी घेतला. टॉवेल त्यांच्या मोरीजवळ दोरीवर होता, पिवळा पडलेला. तोही उचलला.

ज्यांनी चाकांची खुर्ची गावातून नेली नाही त्यांना सांगतो, ती सरळ जात नाही. सिमेंटच्या रस्त्यावर ती खडखडत पुढं पळते, आणि सांधा आला की एकदम वळून आपल्याकडे तोंड करते. माझ्या शबनम पिशवीचा बंद तिच्या दांडीत अडकला. दोन ठिकाणी चिखल होता, तिथं उचलून घ्यावी लागली. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय सर, खुर्ची विकाले आनली काय?" दुसरा म्हणाला, "नाई बे, निवडनुकीले उभे राह्यले." कोणी मदतीला आलं नाही. आलं असतं तर मीच नको म्हणालो असतो, आणि या एका बाबतीत तरी ते बरोबर ठरलं असतं.

सभागृहात लोक जमले होते. मी खुर्ची टेबलामागं लावली, खिशातल्या रुमालानं पुसली. टॉवेल पुढं केला, तर ताई म्हणाल्या, "राहू द्या, नवा आनीन." आणि बसल्या. पाठ ताठ, हात दांड्यांवर. या वेळी मी खिशातून मोबाईल काढला आणि आधी विचारलं. त्यांनी पदर नीट केला आणि मान हलवली.

मग त्यांनी सभा सुरू केली. विषयांची यादी उलटी केली, शेवटचा विषय पहिला घेतला. भास्करराव मध्ये बोलायला लागले तर म्हणाल्या, "भाऊ, तुमची पाळी आली का सांगीन." ग्रामसेवक प्रथम सवयीनं भास्कररावांकडे पाहत होता. हळूहळू त्याची मान टेबलाकडं वळली. मला ते वळणं स्पष्ट दिसलं. पाइपलाइनचा ठराव झाला, आणि हात वर केलेल्यांत भास्कररावांचाही हात होता, कारण वरच्या पंचवीस-तीस हातांकडे त्यांनी आधी नीट पाहून घेतलं होतं.

मला फार भरून आलं. भरून आलं की मला बोलावंसं वाटतं. मी हात वर केला. ताई म्हणाल्या, "सर, ग्रामसभा गावच्या मतदारांची आहे. तुमीच शिकवलं." मी हात खाली घेतला.

सभा संपल्यावर ग्रामसेवक कार्यवृत्त लिहीत बसला. त्यानं विचारलं, संस्थेचे सर हजर होते, त्यांचं काही लिहायचं का? ताई म्हणाल्या, "लिहा न. सरांनी सरपंचाची खुर्ची जागेवर आनून ठेवली."

ग्रामसेवक लिहायला लागला. माझ्याच्यानं राहवेना. मी वाकून म्हणालो, "त्यात 'समतेच्या व्यापक भूमिकेतून' एवढं घातलं तर..."

पेन थांबला. ग्रामसेवकानं ताईंकडे पाहिलं.

"नाई," ताई म्हणाल्या. "खुर्ची आनून ठेवली, एवढंच केलं न त्यायनं? तेवढंच लिहा."

माझे अहवाल पुण्याच्या कपाटांत असतील, दिनदर्शिका रद्दीत गेली. त्या गावाच्या कार्यवृत्तात मात्र माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या कामाबद्दल एक ओळ आहे. तिच्यात भूमिका नाही. सरपंचांची सही आहे.